शंभर भाकऱ्यांचा हात: स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांत आणि नंतर व्यायाम, एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सोलापुरात कडक भाकरी हा अनेक घरांचा धंदा आहे. ज्वारीचं पीठ मळायचं, उंडा काठवटीत थापून कागदासारखा पातळ करायचा, तव्यावर भाजायचा आणि मग मंद आचेवर कडक होऊ द्यायचा. ज्या काकूंची ही हकिकत आहे, त्या वीस वर्षं रोज शंभर-सव्वाशे भाकऱ्या करून दुकानांना आणि खानावळींना देत होत्या. वय ५१, वजन ७१ किलो, उंची पाच फूट. पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. रक्तदाबाची एक गोळी चालू. घरी नवरा, मुलगा, सून आणि शेजारच्या खोलीत जाऊ. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि लिहिण्याआधी काकूंची परवानगी घेतली आहे.

नोव्हेंबरमध्ये त्यांच्या उजव्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी, ज्या प्रत्येकाच्या काखेत असतात) काढण्याची शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या १८ गाठींपैकी ३ गाठींत आजार पोहोचलेला होता. पुढचा बेत असा ठरला: केमोच्या चार मोठ्या सायकली, दर २१ दिवसांनी एक. मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचंच दुसरं औषध, असे बारा आठवडे. त्यानंतर रेडिएशन, आणि शेवटी लेट्रोझोल या हार्मोनवरच्या औषधाची रोजची गोळी, काही वर्षं.

मी फिजिओथेरपिस्ट. काकूंना पहिल्यांदा भेटले ते शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी. ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, डबी कमरेला बांधलेली, आणि उजवा हात काखेत काही लपवून धरल्यासारखा अंगाला चिकटवलेला. त्यांनी विचारलेली पहिली गोष्ट: "मॅडम, भाकरी थापता येईल ना पुढं?"

मी म्हणाले, "येईल." नंतरच्या वर्षभरात या एका शब्दाने मला बरंच काम लावलं.

पहिले पंधरा दिवस

या टप्प्यात वाद घालण्यासारखं फारसं काही नसतं. पहिल्या दिवसापासून मूठ उघडमीट, मनगट आणि कोपर हलवणं, दीर्घ श्वास, वॉर्डातल्या वॉर्डात चालणं. ड्रेन असेपर्यंत खांदा ९० अंशांच्या वर न्यायचा नाही, कारण घाईने हात वर केला तर जखमेखाली पाणी साठायची शक्यता वाढते. बाराव्या दिवशी ड्रेन निघाला. त्यानंतर भिंतीवर बोटं चढवायची, जिथवर पोहोचली तिथे पेन्सिलीने खूण करायची. सुनेने स्वयंपाकघराच्या दाराशेजारी तारखांसकट खुणा केल्या होत्या. लहान मुलांची उंची मोजतात तशा.

घरी जाताना मिळालेल्या कार्डावर एक ओळ होती: "उजव्या हाताने वजन उचलू नये." ओळ तेवढीच. किती वजन, किती दिवस, काही नाही. मी ती वाचली आणि निरोप देताना स्वतःही म्हणाले, "काकू, जड काही उचलू नका हं." त्यांनी मान डोलावली. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढे ते परत येणार आहे.

काखेतली दोरी

चौथ्या आठवड्यात जाऊबाईंचा फोन आला. काखेतून कोपरापर्यंत कातडीखाली दोरी ताणल्यासारखी दिसतेय, शीर ओढली गेली, व्यायाम बंद केलाय. पाहिलं तर खरंच सतारीच्या तारेसारखी एक दोरी होती. हात बाजूला नेला की ती तट्ट व्हायची, आणि खांदा ९५ अंशांवर अडायचा. काखेतल्या गाठी काढल्यावर बऱ्याच बायकांना हे होतं. धोका नसतो, पण घाबरून हात बांधून ठेवला तर खांदा आखडतो.

घरच्यांचं मत होतं हात पूर्ण विसावू द्यावा. गल्लीतल्या एका बाईने गरम तेलाने चोळून दोरी "मोडून" देते असं सांगितलं होतं. मला दोन्ही नको होतं. चोळण्याला मी स्पष्ट नकार दिला. त्या भागाला स्पर्श कळत नव्हता, भाजलं असतं तरी समजलं नसतं. विसावा नको यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. रेडिएशनच्या वेळी हात डोक्याच्या वर धरून निश्चल पडावं लागतं. खांदा उघडला नाही तर तो उपचारच अडतो. हे कळल्यावर जाऊबाईंनी स्वतः घड्याळ लावून दिवसातून तीनदा व्यायाम करून घ्यायला सुरुवात केली. उताणं झोपून दोन्ही हातांनी काठी धरायची, सावकाश डोक्यामागे न्यायची, ताण जाणवला की थांबून पाच श्वास, दुखण्याच्या आत. पाच आठवड्यांत दोरी सैल झाली. रेडिएशनच्या आखणीपर्यंत खांदा १५० अंशांना पोहोचला होता.

केमोचे महिने

केमोत व्यायाम करायचा का, हा प्रश्न आता फारसा वादाचा उरलेला नाही. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे की बरं होण्याच्या उद्देशाने उपचार चालू असताना चालण्यासारखा आणि ताकदीचा, दोन्ही प्रकारचा व्यायाम सुचवावा. थकवा कमी होतो आणि ताकद टिकते. अवघड असतं ते आज करायचा की नाही आणि किती, हे ठरवणं.

पहिली सायकल ५ जानेवारीला झाली. दहावा दिवस आला नेमका संक्रांतीला, म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, सोलापूरच्या मोठ्या जत्रेच्या, ऐन गर्दीत. काकूंनी विचारलं, "तुम्हीच म्हणता चालायचं. मग नंदीध्वजाबरोबर चालते की थोडं." नंदीध्वज म्हणजे जत्रेत मिरवणुकीने नेतात त्या उंच काठ्या. चालणं तेच, अंतरही जेमतेम तेवढंच. पण सायकलीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात, आणि त्या दिवसांत गर्दीतला खोकला महागात पडू शकतो. मी नाही म्हणाले. त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. त्या वर्षी गच्चीवरून काठ्यांची मिरवणूक लांबून पाहत त्यांनी वीस मिनिटं फेऱ्या मारल्या.

दिवसांची विभागणी आम्ही अशी केली. सलाईननंतरचे पहिले तीन दिवस मळमळ आणि गळून जाण्याचे. तेव्हा फक्त घरातल्या घरात दर दोन तासांनी पाच मिनिटं फेऱ्या. चौथ्या दिवसापासून गच्चीवर वीस मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात पेशी सावरल्या की सिद्धेश्वर तलावाच्या काठाने तीस मिनिटं, शिवाय खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा-दहाच्या दोन फेऱ्या. वेग किती? बोलता यावं, पण अभंग म्हणता येऊ नये, इतका. ही खूण त्यांना लगेच पटली.

काही गोष्टी मी त्यांच्या फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चिकटवल्या होत्या. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर व्यायाम नाही, थेट दवाखाना, रात्र असली तरी. छातीत दुखणं, धडधड, बसल्या जागी दम, अचानक चक्कर, एका पायाला सूज, हाडात नव्याने दुखणं, यांपैकी काही झालं तर थांबायचं आणि डॉक्टरांना फोन. पहिल्या चार सायकलींतल्या लाल औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. म्हणून आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केलेला होता, आणि तो चांगला होता. तरीही दम लागण्याची तक्रार मी कधी "अशक्तपणा असेल" म्हणून सोडून दिली नाही.

चौथ्या सायकलीच्या आधी हिमोग्लोबिन ८.४ आलं. आमच्याकडे पाळायची रीत अशी: दहाच्या खाली गेलं की वेग आणि वेळ दोन्ही उतरवायचे, आठच्या खाली गेलं तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काही नाही. प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली असतील तर ताकदीचे व्यायाम बंद. तीन आठवडे आम्ही दहा मिनिटांवर आलो. "थांबलो" म्हणायचं नाही, "उतरलो" म्हणायचं, असं काकूंशी ठरलं होतं. शब्दाचा उपयोग होतो. थांबलेलं माणूस परत सुरू करत नाही.

पॅक्लिटॅक्सेल मार्चअखेर सुरू झालं आणि अडचण बदलली. मेमध्ये एक दिवस काकू तलावावरून परत आल्या आणि डाव्या पायात चप्पल नव्हती. कधी निसटली ते कळलंच नव्हतं. पायाला मुंग्या आणि बधिरपणा हा या औषधाचा ओळखीचा त्रास. त्याच संध्याकाळी मी तलाव बंद केला. मागे पट्टा असलेले सँडल, सपाट अंगण, पुरेसा उजेड. स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, रोज दोनदा. डॉक्टरांना कळवल्यावर त्यांनी औषधाची मात्रा थोडी कमी केली. रुग्ण चालत असल्यामुळे ही गोष्ट वेळेत समजली. खाटेवर असत्या तर चप्पल निसटलीच नसती.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली. सगळी सलाईनं डाव्या हाताच्या शिरांतून गेली होती आणि त्या शिरा दोरखंडासारख्या कडक झाल्या होत्या. उजवा हात "जपायचा", म्हणून घरातलं सगळं काम त्या कडक शिरांच्या डाव्या हातानेच चाललं होतं. जूनमध्ये डावा खांदा दुखू लागला. मी त्या खांद्याला शेक आणि व्यायाम दिले. तो का दुखतोय, हे विचारलं नाही.

रेडिएशनच्या, म्हणजे काकूंच्या भाषेत "लाईट"च्या, १५ बैठका जुलैमध्ये झाल्या. कातडी काळवंडली, काखेत सोलवटली. घामाचे व्यायाम कमी केले, सैल सुती कपडे, आणि खांद्याचे व्यायाम मात्र एकही दिवस न चुकवता. त्या तीन आठवड्यांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

अडचण

ऑगस्टमध्ये उपचारांचा मोठा भाग संपला. लेट्रोझोल सुरू झालं. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात जुन्या गिऱ्हाइकाकडून फराळाची ऑर्डर आली आणि काकूंनी ती घेतली. सहा किलो भाजणीची चकली, एका दिवसात. पीठ मळलं, सोऱ्या दाबला, सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या हातात बांगडी चढेना.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा हात जड आणि तटतटलेला होता. मोजपट्टी लावली. कोपराखाली दहा सेंटिमीटरवर उजवा हात डाव्यापेक्षा २.४ सेंटिमीटर जाड. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी मोजला होता तेव्हा फरक ०.४ होता. कामाचा हात थोडा भरीव असतोच. काखेतल्या गाठी काढल्या की लसिकेचा, म्हणजे पेशींभोवतीच्या द्रवाचा, निचरा कमी होतो आणि हातात ती साठू शकते. वैद्यकीय भाषेत लिम्फिडीमा.

मी विचारलं, "काकू, डिसेंबरपासून या हाताने काय काय उचललं?"

"काहीच नाही की! कार्डावर लिहिलंय आणि तुम्हीपण म्हणाला होता. तांब्यासुद्धा डाव्या हातानं उचलते बघा मी." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

दहा महिने तांब्यासुद्धा न उचललेला हात, आणि मग एका दिवसात सहा किलोच्या चकल्या. चकली करणं ही चूक नव्हती. वीस वर्षांचा कमावलेला हात दहा महिने रिकामा ठेवायला लावला, ती चूक होती, आणि त्यात माझं एक वाक्य होतं. सगळा दोष त्या वाक्याचा असं म्हणता येणार नाही. गाठी काढलेल्या, वर रेडिएशन घेतलेलं, वजन जास्त, यांतलं प्रत्येक कारण सूज येण्याची शक्यता वाढवतं. पण जे माझ्या हातात होतं ते मी केलं नव्हतं.

समोरचे पर्याय

घरात लगेच बैठक बसली. नवऱ्याचं म्हणणं, धंदा बंद, हात आयुष्यभर जपायचा. मुलाला औषधांच्या दुकानातून "पाणी उतरायची गोळी" मिळाली होती. काकू गप्प होत्या.

गोळीचा प्रश्न सोपा होता. ही सूज नुसत्या पाण्याची नसते. साठलेल्या द्रवात प्रथिनं असतात. लघवी वाढवणाऱ्या गोळीने पाणी जातं, प्रथिनं मागे राहतात. डॉक्टरांनीही ती बंद करायला सांगितली.

हात कायमचा जपण्याचा पर्याय ऐकायला सुरक्षित वाटतो, आणि बरीच वर्षं डॉक्टर आणि आम्हीसुद्धा तेच सांगत आलो. १९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉ. डॉन मॅकेंझी यांनी स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या २४ बायकांना ड्रॅगन बोट वल्हवायला बसवलं. हाताचं इतकं कष्टाचं काम केलं तर सूज येणारच, असा तेव्हाचा समज होता. त्या बायकांपैकी एकीलाही नवी सूज आली नाही. पुढे डॉ. कॅथरीन श्मिट्झ यांच्या गटाने पद्धतशीर अभ्यास केले. २००९ मध्ये छापलेल्या अभ्यासात हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायका होत्या. ज्यांनी वर्षभर हळूहळू वाढवत वजनं उचलली त्यांची सूज वाढली नाही. उलट सूज भडकण्याचं प्रमाण त्यांच्यात १४ टक्के होतं, न उचलणाऱ्यांत २९. पुढच्या वर्षी सूज नसलेल्या १५४ बायकांचा अभ्यास आला. त्यात पाच किंवा जास्त गाठी काढलेल्यांपैकी वजनं उचलणाऱ्या ७ टक्क्यांना सूज आली, न उचलणाऱ्या २२ टक्क्यांना. काकूंच्या १८ काढल्या होत्या. हे आकडे मला डिसेंबरमध्येही ठाऊक होते. कार्डावरची ओळ खोडायचं धाडस मात्र मी केलं नव्हतं.

तिसरा पर्याय म्हणजे हाताला पुन्हा काम द्यायचं, पण औषधासारखं मोजून. यात धोका नव्हता असं नाही. सूज आणखी वाढली असती तर घरच्यांचा विश्वास गेला असता आणि काकूंचा धंदाही. मी हे सगळं नवऱ्यासमोर, मुलासमोर आणि जाऊबाईंसमोर मांडलं. व्हँकुव्हरच्या नावेची गोष्ट ऐकून काकू पहिल्यांदा बोलल्या: "त्या बायका वल्हं मारतात तर माझी भाकरी काय जड आहे?"

काय केलं

व्यायामाच्या आधी तपासणी. नव्याने आलेली सूज ही दरवेळी लसिकेचीच असते असं धरून चालू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. ताप नाही, लाली नाही, म्हणजे संसर्गाची खूण नाही. डॉपलर सोनोग्राफीत रक्ताची गुठळी नाही. काखेत आणि गळ्याजवळ नवी गाठ नाही. हे तिन्ही नक्की व्हायला तीन दिवस लागले. तेवढे दिवस हात उशीवर वर ठेवून फक्त मूठ उघडमीट.

मग दाबपट्टीची बाही. माप मोजपट्टीने घेऊन मागवली. तयार आकारातली चालली नसती, ढिली असली तर निरुपयोगी आणि जास्त घट्ट असली तर मनगटाखाली सूज. रोज रात्री कातडीला साधं तेल, नखं काळजीपूर्वक कापणं, चिरलं-भाजलं तर लगेच धुऊन लक्ष ठेवणं.

मग वजन. आठवड्यातून दोनदा, सोमवार आणि गुरुवार, माझ्या नजरेसमोर, बाही घालून. सुरुवात अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीने, म्हणजे अर्धा किलो. खांद्याचे, दंडाचे, पाठीचे मिळून सहा व्यायाम, दहा-दहाच्या दोन फेऱ्या. दोन बैठका हाताला काही जाणवलं नाही तर पाव किलो वाढवायचा. जडपणा किंवा तटतटणं वाटलं तर एक पायरी उतरायचं. आठवडाभर खंड पडला तर जिथे सोडलं तिथून पुढे जायचं नाही, दोन पायऱ्या मागून सुरू करायचं. रोजची चाचणी काकूंनीच शोधली. एक प्लास्टिकची बांगडी सकाळी घालून बघायची, कुठवर सरकते ते पाहायचं आणि लगेच काढून ठेवायची. माझ्या मोजपट्टीइतकीच ती खरी निघाली.

चौथ्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले, भाकरी थापताना पाहायला. हे मी वर्षभर आधी करायला हवं होतं. काठवट जमिनीवर, काकू मांडी घालून, उजवा खांदा पुढे झुकलेला. उजवा तळवा थापत होता, डावा कडेने भाकरी फिरवत होता. मी मोजलं, एका भाकरीला पन्नासच्या आसपास थापा. शंभर भाकऱ्या म्हणजे पाच हजार. माझे वीस उचलण्यांचे व्यायाम या आकड्यापुढे काहीच नव्हते. मग भाकरीलाच आम्ही मात्रा केली. काठवट जमिनीवरून चौरंगावर आणली, म्हणजे खांद्यावरचा भार कमी झाला. पीठ मळायचं काम मुलाकडे. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड पाच भाकऱ्या. मग आठ, मग बारा. दर दहा भाकऱ्यांनंतर हात वर करून मूठ वीस वेळा उघडमीट.

बाहीला पीठ चिकटायचं. काकूंनी नवऱ्याच्या जुन्या बनियनची बाही कापून वरून चढवली. फेब्रुवारीत तव्याची कड मनगटाला लागली, कातडीवर रुपयाएवढा फोड आला. त्यांनी लगेच वाहत्या पाण्याखाली हात धरला आणि मला फोटो पाठवला. तीन दिवस लाली पसरतेय का हे पाहिलं, भाकरी बंद ठेवली. पसरली नाही. तेव्हापासून तव्याशी जाऊबाई बसतात.

लेट्रोझोलमुळे सांधे दुखू लागले होते. सकाळी बोटं मिटेनात. अशा १२१ बायकांवर झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि दोनदा ताकदीचा व्यायाम यांनी सांधेदुखी कमी झाली होती. आमचा बेत जवळपास तोच होता, म्हणून वेगळं काही जोडलं नाही. हाडांच्या घनतेची तपासणी करून घेतली, ती थोडी कमी आली. त्यामुळे पाय आणि पाठीच्या ताकदीचे व्यायाम कायमचे झाले.

निष्पत्ती

सूज आल्यापासून वर्षभराने उजव्या हाताचा फरक २.४ वरून १.१ सेंटिमीटरवर आला होता. पूर्ण गेलेला नाही, बाही अजून लागते. खांदा १६५ अंश. सहा मिनिटांत चालण्याचं अंतर केमोच्या शेवटी ३१० मीटर होतं, ते ४२५ झालं. उजव्या हाताने चार किलो सहज उचलतात. सकाळची बोटं दुखतात, पण चहा होईपर्यंत मोकळी होतात. डावा खांदा दुखायचा थांबला, आणि त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. उजव्याला काम मिळालं इतकंच.

सगळंच जमलं असं नाही. एप्रिल-मेच्या उन्हात चालणं सुटलं आणि दोन किलो वजन वाढलं. पायाच्या बोटांचा बधिरपणा थोडा उरलाच आहे. आणि रबरी पट्ट्यांचे व्यायाम त्यांना कधीच आवडले नाहीत. मी आग्रह सोडला.

भाकऱ्या रोज साठ होतात. शंभर नाहीत.

आता वेगळं काय करते

हाताची मापं आता शस्त्रक्रियेच्या आधी घेते. सूज आहे की नाही हे ठरवताना दुसऱ्या दिवसाचं, दुखऱ्या हाताचं माप आधार म्हणून कच्चं असतं.

"जड उचलू नका" हे मी कुणालाही सांगत नाही. तारीख आणि वजन लिहून देते. ड्रेन निघेपर्यंत ताटलीपेक्षा जड नाही. जखम भरली आणि शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी होकार दिला की तांब्या. मग छोटी कळशी, अर्धी भरलेली. प्रत्येक ओळीपुढे तारीख मोकळी सोडते आणि ती रुग्णाच्या समोर भरते. कार्डावर बिनमुदतीची ओळ दिसली तर त्या डॉक्टरांना फोन करून मुदत विचारते. बहुतेक डॉक्टर लगेच सांगतात. विचारलं नव्हतं एवढंच.

पहिल्याच भेटीत हाताचा धंदा विचारते. नोकरी नव्हे, हाताचं काम: धुणं, शिवण, कांदे निवडणं, बिड्या वळणं, म्हैस पिळणं. आणि वर्षातले कोणते दिवस कामाचे, तेही. काकूंची दिवाळी मला डिसेंबरमध्येच कळली असती तर ऑगस्टपासून सोऱ्याची तयारी करून घेता आली असती, रोज पाव किलो पिठापासून. आणि घरात शब्द कुणाचा चालतो ते पाहून त्या माणसाला पहिल्या दिवशी समोर बसवते. काकूंच्या घरी तो जाऊबाईंचा होता. मी नवऱ्याला समजावत राहिले आणि दोन महिने गेले.

यंदा गड्ड्याच्या आठवड्यासाठी एका खानावळीने रोज शंभर भाकऱ्यांची ऑर्डर दिली आहे. काकूंनी आधी मला विचारलं. ऐंशीवर ठरलं, बाकीच्या सून थापणार. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोजपट्टी घेऊन मी त्यांच्या घरी जाणार आहे.